देवदत्त, ईथर आणि पोफळीचे वीजगृह

जे डोळ्यांना दिसत नाही ते आहे असे कोणत्या अधिकाराने म्हणावे, हा प्रश्न भारतीय दर्शनांत जितका जुना आहे तितकाच आजच्या भौतिकशास्त्रात ताजा आहे. फरक एवढाच की दर्शनकारांचा वाद आत्मा, ईश्वर आणि परलोक यांविषयी होता, आणि आजचा वाद आपल्या विश्वापलीकडच्या इतर विश्वांविषयी आहे. या वादात विजेचा दाखला हमखास दिला जातो. वीज तरी कुठे दिसते, पण ती आहेच ना, मग अनंत ब्रह्मांडे का नसावीत, हा युक्तिवाद प्रवचनांत जसा ऐकू येतो तसाच विज्ञानावरच्या लोकप्रिय लेखनातही थोड्या निराळ्या शब्दांत आढळतो. त्याची पारख करायची तर वीज प्रत्यक्षात कशी निर्माण होते आणि कोणत्या रूपाने प्रवास करते हे आधी नीट पाहावे लागते, आणि त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या पोफळीइतके सोयीचे ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. म्हणजे अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर असताना तिचे पाणी अख्खे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराकडे जाते. कोयनानगरच्या धरणाने या पाण्याचा शिवसागर जलाशय झाला, आणि त्यातील बराच मोठा वाटा नवजाजवळच्या मुखातून सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यात शिरतो. बोगद्याच्या शेवटी उल्लोळ विहीर आहे; खालची यंत्रे अचानक थांबवावी लागली तर वेगाने येणाऱ्या पाण्याचा धक्का बोगद्याला बसू नये म्हणून ते पाणी या विहिरीत वर चढते आणि उसळून शांत होते. तेथून ते तीव्र उताराच्या दाबवाहिन्यांतून सुमारे ४७५ मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरते. काळ्या कातळात कोरलेल्या या दालनात पहिल्या टप्प्याची ७० मेगावॅटची चार आणि दुसऱ्या टप्प्याची ८० मेगावॅटची चार अशी आठ यंत्रे आहेत, त्यांची एकत्रित क्षमता ६०० मेगावॅट आहे, आणि त्यांतील पहिले यंत्र १९६२ साली सुरू झाले.

हजार लिटर पाणी ४७५ मीटर खाली येते तेव्हा त्यातून मिळू शकणारी ऊर्जा सुमारे १.३ युनिट, म्हणजे घरातील पंखा एक रात्र आणि वर आणखी काही तास चालेल इतकी असते. गळती आणि घर्षण वजा जाता हाती त्याहूनही कमी लागते. इतक्या उंचीवरून आलेले पाणी नोझलमधून सुटते तेव्हा घर्षण सोडले तर त्याच्या झोताचा वेग सेकंदाला ९५ मीटरच्या आसपास असतो, आणि हा झोत पेल्टन जातीच्या चाकाच्या परिघावरील जोडवाट्यांवर आदळतो. प्रत्येक वाटीच्या मधोमध एक धारदार कणा असतो, तो झोताचे दोन भाग करतो आणि दोन्ही भाग वाटीच्या वळणावरून जवळजवळ उलट दिशेने परत फिरतात. वाटी झोताच्या साधारण निम्म्या वेगाने पळत असेल तर पाणी आपला जवळजवळ सगळा वेग चाकाला देऊन, दमलेल्या माणसाने ओझे टाकून बसावे तसे, खाली गळून पडते. या खाली पडलेल्या पाण्याला धरणावरची आणि वीजगृहातली माणसे 'अवजल' म्हणतात.

येथपर्यंतचे सगळे डोळ्यांना दिसणारे आहे आणि पाणचक्कीच्या जुन्या तत्त्वाहून त्यात निराळे काही नाही. निराळेपणा चाकाच्या आसाला जोडलेल्या जनित्रात सुरू होतो. जनित्राचा फिरणारा भाग, म्हणजे रोटर, हा विद्युतचुंबकांचा एक मोठा चक्राकार समूह असतो आणि त्यात उत्तर व दक्षिण ध्रुव एकाआड एक बसवलेले असतात. त्याच्याभोवती स्थिर राहणारा स्टेटर असतो, ज्याच्या खाचांत तांब्याची वेटोळी घट्ट बसवलेली असतात. रोटर आणि स्टेटर यांच्यामध्ये हवेची फट असते. ही फट कधीही बुजत नाही, फिरणारा भाग स्थिर भागाला कोठेही स्पर्श करत नाही, आणि तरीही चाकाने पाण्याकडून घेतलेली सगळी शक्ती याच फटीतून पलीकडे जाते.

ती कशी जाते याचे उत्तर मायकेल फॅरेडेला २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनमध्ये मिळाले. विजेच्या प्रवाहामुळे चुंबकसूची हलते हे डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेड याने १८२० मध्ये दाखवले होते, त्यामुळे चुंबकापासूनही वीज मिळावी अशी अपेक्षा अनेकांना होती. पण स्थिर चुंबकाजवळ तार ठेवून प्रवाहाची वाट पाहणाऱ्यांच्या पदरी निराशाच येत असे. फॅरेडेने लोखंडी कड्यावर दोन वेगळी वेटोळी गुंडाळली, एकाला विद्युतघट जोडला, आणि दुसऱ्याजवळची सूची घट जोडताना व तोडताना क्षणभरच हलते, मध्ये मात्र स्वस्थ राहते, हे पाहिले. चुंबक असणे पुरेसे नाही, चुंबकत्व बदलले पाहिजे, हे त्या क्षणिक हालचालीचे मर्म होते. वेटोळ्यातून जाणाऱ्या चुंबकीय रेषांचे प्रमाण बदलले की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो आणि बदल जितका जलद तितका दाब अधिक, या नियमाला विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. पोफळीचा रोटर फिरतो तेव्हा स्टेटरच्या प्रत्येक वेटोळ्यासमोरून उत्तर आणि दक्षिण ध्रुव आळीपाळीने जातात, म्हणून तेथे निर्माण होणारा प्रवाहही सेकंदाला पन्नास वेळा एक पूर्ण आवर्तन करतो. वीस ध्रुवांचे यंत्र असेल तर त्यासाठी मिनिटाला नेमके ३०० फेरे लागतात.

या नियमाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. वेटोळ्यात प्रवाह वाहू लागला की तो स्वतःचे चुंबकत्व निर्माण करतो आणि ते रोटरच्या फिरण्याला विरोध करते. दूरच्या शहरात एखादा पंप सुरू झाला की त्या जाळ्यात जोडलेल्या प्रत्येक जनित्राचा रोटर सूक्ष्म अंशाने जड होतो, वेग किंचित उतरतो, नियंत्रक यंत्रणा तो उतार ओळखते आणि नोझलची सुई थोडी मागे सरकून अधिक पाणी सोडते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेल्यापासून भारतभरची अशी यंत्रे एकाच ठेक्यात फिरतात. फुकट काही मिळत नाही हा व्यवहारातला नियम त्या फटीत अक्षरशः पाळला जातो.

आता खरा तात्त्विक प्रश्न येतो. पोफळीहून पुण्या-मुंबईकडे नेमके काय जाते? पाणी जात नाही, ते वाशिष्ठी नदीकडे उतरते. विजेचे कण जातात असा सर्वसाधारण समज आहे, पण तोही चुकीचा आहे. तांब्यातील इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण विद्युतभाराचे अतिसूक्ष्म कण, घरगुती तारेत एका दिशेने सरकतात असे धरले तरी त्यांचा सरासरी वेग सेकंदाला मिलिमीटरहूनही कमी असतो; आणि प्रत्यावर्ती प्रवाहात, म्हणजे दिशा सतत पालटणाऱ्या प्रवाहात, ते एका दिशेने सरकतही नाहीत, केसाच्या जाडीहूनही कमी अंतरात जागच्या जागी हेलकावे खातात. त्यातही वाटेत रोहित्रे लागतात. गावातल्या डीपीवरच्या रोहित्रात येणारे वेटोळे आणि जाणारे वेटोळे ही दोन निराळी असतात आणि त्यांच्यात विजेची वाट जोडलेली नसते. घरातल्या दिव्यात थरथरणारा इलेक्ट्रॉन त्या घराच्याच तारेतला, जन्मापासून तेथेच राहिलेला असतो. पोफळीच्या इलेक्ट्रॉनने पोफळी सोडलेली नसते. जे जाते ते तारांच्या आत नव्हे, तर मुख्यतः तारांच्या भोवतालच्या पोकळीतून जाते, आणि त्याला विद्युतचुंबकीय क्षेत्र असे नाव आहे. तार ही त्या क्षेत्राला वाट दाखवणारी आहे. ज्याला वीज म्हणून आपण तारेत शोधतो ते तारेबाहेर असते, हे शाळेच्या पुस्तकात फारसे स्पष्ट केले जात नाही.

क्षेत्र हा शब्द फॅरेडेच्या कल्पनेतून रूढ झाला आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याला समीकरणांचे रूप दिले. बदलते विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि बदलते चुंबकीय क्षेत्र विद्युतक्षेत्र निर्माण करते, म्हणून दोघे एकमेकांना उभे करत पोकळीतून लाटेसारखे पुढे जाऊ शकतात, असा त्या समीकरणांचा निष्कर्ष होता. लाटेचा हिशेबी वेग प्रकाशाच्या मोजलेल्या वेगाशी जुळला, त्यावरून प्रकाश ही अशीच लाट आहे असे मॅक्सवेलने ठरवले, आणि १८८७-८८ मध्ये हाइनरिख हर्ट्झ याने प्रयोगशाळेत अशा लाटा निर्माण करून, पकडून, त्यांची लांबी मोजून दाखवली. पण मॅक्सवेलने आणखी एक अदृश्य वस्तू मानली होती. लाट म्हटली की ती कशात तरी उठली पाहिजे, पाण्याशिवाय तरंग नाही, म्हणून सर्वत्र भरलेले ईथर नावाचे एक अतिसूक्ष्म द्रव्य असलेच पाहिजे, असे त्याच्यासह त्या काळातील बहुतेक सर्व शास्त्रज्ञांना वाटत होते. हर्ट्झ लाटा पकडत होता त्याच सुमारास, १८८७ मध्ये, मायकेल्सन आणि मोर्ली यांनी पृथ्वीच्या गतीमुळे ईथरचा वारा जाणवावा म्हणून अत्यंत नाजूक मापन केले आणि त्यांना तो जाणवला नाही. पुढे १९०५ मध्ये आइन्स्टाइनने ईथरची गरजच उरत नाही असे दाखवले. एकाच विचारवंताच्या एकाच सिद्धान्तात दोन अदृश्य वस्तू मानलेल्या होत्या, त्यांतील एक खरी ठरली आणि दुसरी बाद झाली. अदृश्यतेचा दाखला देऊन कशाचेही मंडन करू पाहणाऱ्यांना हा इतिहास अडचणीचा आहे.

या निवाड्याला योग्य शब्द भारतीय प्रमाणशास्त्रात, म्हणजे ज्ञानाची साधने कोणती याचा विचार करणाऱ्या शास्त्रात, आधीपासून आहेत. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने वस्तूच्या सत्तेचे लक्षण 'अर्थक्रिया' असे सांगितले. जे काही कार्य घडवते ते सत्, जे काहीच घडवू शकत नाही त्याला सत् म्हणण्यात अर्थ नाही. पोफळीच्या हवेच्या फटीतील क्षेत्र या कसोटीला पूर्ण उतरते, कारण ते मानल्याने नव्हे तर त्याच्या ओढीने रोटर जड होतो. दुसरा शब्द मीमांसकांचा आहे, 'अर्थापत्ती'. धडधाकट, अंगाने भरलेला देवदत्त दिवसा जेवत नाही हे पक्के ठाऊक असेल, तर तो रात्री जेवत असला पाहिजे, असे मानल्यावाचून गत्यंतर नसते. जे दिसते त्याची दुसरी संगती लागत नाही म्हणून न दिसणारे मानणे म्हणजे अर्थापत्ती. ईथर ही अर्थापत्ती होती आणि हर्ट्झच्या आधीच्या लाटा हीसुद्धा अर्थापत्तीच होती. दोहोंतला भेद असा की लाटांच्या बाबतीत कोणीतरी रात्री जागून देवदत्ताला ताटावर बसलेला पाहिला, आणि ईथरच्या बाबतीत रात्रभर जागूनही स्वयंपाकघर थंडच आढळले.

क्षेत्राविषयी एक शंका प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, आणि ती एका मराठी शास्त्रज्ञाच्या कामाशी निगडित आहे. कोल्हापूरला १९३८ मध्ये जन्मलेले जयंत विष्णु नारळीकर आणि त्यांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉइल यांनी १९६० च्या दशकात असे दाखवले की क्षेत्र ही स्वतंत्र वस्तू न मानताही विजेचे सर्व नियम मांडता येतात. त्यासाठी एक विद्युतभार दुसऱ्यावर दुरून थेट परिणाम करतो असे मानावे लागते, आणि त्या हिशेबात विश्वातील उरलेल्या सर्व द्रव्याचा प्रतिसाद धरावा लागतो. दिवा पेटण्याचा प्रश्न अशा रीतीने अख्ख्या विश्वाच्या रचनेशी जाऊन भिडतो, आणि विश्व कशा प्रकारचे असेल तर हा हिशेब जुळेल अशी विचारणा करता येते. त्यांच्या गणितानुसार हा हिशेब ते दोघे पुरस्कारत असलेल्या स्थिरस्थिती विश्वात, म्हणजे आरंभ नसलेल्या आणि सदैव एकसारख्या राहणाऱ्या विश्वात, नीट जुळत होता. पुढे १९६५ मध्ये विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचा शोध लागल्यावर स्थिरस्थितीचा पक्ष दुबळा झाला. हॉइल-नारळीकरांचा मार्ग बहुसंख्यांनी स्वीकारला नाही, तरी त्याने एक गोष्ट स्पष्ट होते: क्षेत्र हे नाव आणि त्यामागची वस्तुकल्पना बदलता येईल, रोटरला लागणारी ओढ मात्र कोणत्याही मांडणीत नाहीशी करता येणार नाही. सत्ता अर्थक्रियेला आहे, नावाला नाही.

आता इतर विश्वांकडे वळता येईल. बहुविश्व या एकाच शब्दाखाली आज किमान दोन अगदी भिन्न कल्पना वावरतात आणि त्यांची गल्लत हा या विषयावरच्या लोकप्रिय लेखनाचा मोठा दोष आहे. पहिली कल्पना विश्वस्थितीशास्त्रातून येते. विश्व आरंभीच्या अत्यल्प काळात कल्पनातीत वेगाने फुगले, असा सिद्धान्त ॲलन गुथ याने १९८१ मध्ये मांडला. त्यानंतर व्हिलेन्किन आणि लिंडे या भौतिकशास्त्रज्ञांनी असे दाखवले की हे फुगणे एकदा सुरू झाले की सर्वत्र एकाच वेळी थांबत नाही, कोठे थांबते, कोठे चालू राहते, आणि जेथे थांबते तेथे आपल्यासारखे एकेक विश्व बुडबुड्यासारखे तयार होते. पाकसिद्धी करताना खिरीच्या पातेल्यात एकीकडे बुडबुडे फुटत असताना दुसरीकडे नवे उठावेत, तसे हे चित्र आहे. फरक हा की या पातेल्याला काठ नाही. मूलकण म्हणजे सूक्ष्म तंतूंची कंपने असे मानणाऱ्या स्ट्रिंग सिद्धान्ताच्या अभ्यासकांनी त्यात भर घालून अशा बुडबुड्यांत निसर्गाचे स्थिरांकही निरनिराळे असू शकतील असे सुचवले, आणि संभाव्य प्रकारांची संख्या १ वर ५०० शून्ये इतकी सांगितली जाते.

स्थिरांक म्हणजे ज्यांची किंमत सिद्धान्त सांगत नाही, मोजूनच घ्यावी लागते, अशा संख्या. विद्युतबल किती प्रबळ आहे हे सांगणारा असा एक स्थिरांक सुमारे १/१३७ आहे. अणूत इलेक्ट्रॉन किती घट्ट बांधलेला असावा, तांब्यातून तो सहज का हलावा, पाणी सामान्य तापमानाला द्रव का राहावे, या साऱ्यांत ही संख्या गुंतलेली आहे, आणि ती फार निराळी असती तर पोफळीला वीजही नसती, पाणीही नसते आणि ते पाहणारेही कोणी नसते. ती नेमकी इतकीच का, याचे उत्तर कोणाला देता आलेले नाही. बहुविश्ववादी म्हणतात की असंख्य विश्वांत असंख्य किमती आहेत, आणि जेथे किंमत अनुकूल आहे तेथेच विचारणारा जन्मू शकतो. ईश्वरवादी म्हणतात की किंमत कोणीतरी ठरवली. नैयायिक उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त घटावरून कुंभाराचे अनुमान व्हावे तसे जगावरून कर्त्याचे अनुमान केले होते. आजच्या वादाचा सांगाडा तोच आहे, फक्त एका बाजूला एक कुंभार आणि दुसऱ्या बाजूला कुंभाराविना भाजली गेलेली अनंत मडकी आहेत, ज्यांतले एक योगायोगाने चांगले निघाले. मीमांसक या दोघांनाही दाराबाहेर उभे करतील, कारण ते जगाला कर्ता मानत नाहीत आणि गरजेपेक्षा एकही मडके जास्त कबूल करत नाहीत.

स्थिरांकांच्या अनुकूलतेवरून केलेले सगळेच तर्क व्यर्थ असतात असे मात्र नाही, आणि याचे सर्वांत देखणे उदाहरण पुन्हा हॉइलचेच आहे. ताऱ्यांच्या पोटात हीलियमपासून कार्बन पुरेशा प्रमाणात तयार व्हायचा तर कार्बनच्या अणुकेंद्राला एका विशिष्ट ऊर्जेची उत्तेजित पातळी असली पाहिजे. कार्बन तर जगात मुबलक आहे. तेव्हा ती पातळी असलीच पाहिजे, असे हॉइलने १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील प्रयोगकर्त्यांना सांगितले. त्यांनी मोजून पाहिले आणि सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टला ती सापडली. हा देवदत्त ताटावर पकडला गेला. बुडबुडा-विश्वांचा देवदत्त पकडण्याचाही प्रयत्न झाला आहे: शेजारचे विश्व आपल्या विश्वाला कधी काळी घासून गेले असेल तर विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणात वर्तुळाकार खूण राहावी, अशा हिशेबाने २०११ मध्ये डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या नकाशांत शोध घेतला गेला आणि खात्री पटावी अशी एकही खूण मिळाली नाही. खूण न मिळाल्याने ती विश्वे नाहीत असे सिद्ध होत नाही. पण घासून न गेलेली विश्वे आपल्याकडे काहीही घडवत नाहीत, म्हणून धर्मकीर्तीच्या कसोटीवर त्यांचे स्थान क्षेत्रासारखे नाही, हेही तितकेच खरे आहे.

दुसरी कल्पना ह्यू एव्हरेट याने १९५७ मध्ये प्रिन्स्टनच्या प्रबंधात मांडलेली आहे. अणूंच्या जगात एखाद्या घटनेचे अनेक पर्याय एकत्र नांदतात आणि मापन केले की एकच हाती येतो, हे पुंज सिद्धान्ताचे, म्हणजे क्वांटम सिद्धान्ताचे, कोडे आहे. एव्हरेटचे म्हणणे असे की पर्याय गळून पडत नाहीत, सगळेच घडतात, आणि पाहणाराही त्यांच्यासह विभागला जातो. येथे न्यायशास्त्रातील लाघव आणि गौरव ही जोडी उपयोगी पडते. कमीत कमी मानून उलगडा करणे हे लाघव, आणि नाहक जास्त मानणे हे गौरव, जे तर्कात दोष समजले जाते. एव्हरेटचे अनुयायी म्हणतात की त्यांनी मापनाचा वेगळा नियम काढून टाकला म्हणून लाघव त्यांच्याकडे आहे. विरोधक म्हणतात की एक नियम वाचवण्यासाठी असंख्य जगे मानणे यापरते गौरव नाही. लाघव नियमांचे मोजायचे की वस्तूंचे, हा वाद नैयायिकांनाही नवा वाटला नसता.

मराठी वाचकाला ही कल्पना बहुधा नारळीकरांच्या विज्ञानकथेतून भेटलेली असते, ज्यात इतिहासाचे अभ्यासक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात जातात जेथे पानिपतावर विश्वासराव गोळीतून बचावले आणि मराठे जिंकले. १४ जानेवारी १७६१ या तारखेभोवती मराठी मनात जो 'असे झाले असते तर' साठलेला आहे, त्याला त्या कथेने आधार दिला. कथा म्हणून ती उत्तम आहे, पण एव्हरेटच्या सिद्धान्तात फाटे पुंज घटनांना फुटतात, माणसांच्या निर्णयांना किंवा इच्छांना नव्हे, आणि कोणत्याही फाट्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट नसते. कोयनेचेच उदाहरण घेतले तर कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची, म्हणजे अब्ज घनफुटांची, मर्यादा घातली; पोफळीत उतरलेला थेंब कऱ्हाडला पोहोचत नाही आणि कऱ्हाडला गेलेला पोफळीची वाटी हलवत नाही. दोन्ही फाट्यांत पाणी मिळते असे एव्हरेटवाद्याने सांगितले तरी सांगलीच्या शेतकऱ्याच्या पाटात त्याने एक थेंबही वाढणार नाही.

राहता राहिला धर्माचा भाग, जो या वादात सर्वांत जास्त ओढाताणीला बळी पडतो. 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' हा जयघोष मठामंदिरांतून रोज होतो, भागवतात ब्रह्मांडे परमाणूंसारखी फिरत असल्याचे वर्णन आहे, आणि योगवासिष्ठात तर विश्वात विश्व, त्यात आणखी विश्व अशा कथांची रेलचेल आहे. लीला राणीला सरस्वतीच्या कृपेने दिसते की तिच्या पतीचे राज्य एका मृत ब्राह्मणाच्या घरातल्या पोकळीत मावलेले आहे आणि तो ब्राह्मण जाऊन अवघे आठ दिवस झाले आहेत. पाषाणाख्यानात तर एका शिळेच्या पोटात जगे नांदतात, आणि कातळात कोरलेल्या पोफळीच्या दालनात उभ्या राहणाऱ्याला ती कथा आठवली तर नवल नाही. पण या वचनांतून पूर्वजांना बहुविश्व ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे म्हणजे त्यांचेच शास्त्र विसरणे आहे. मीमांसेत स्तुतिपर वाक्यांना 'अर्थवाद' म्हणतात. त्यांचे काम स्तुत्य वस्तूकडे मन वळवणे हे असते, वस्तुस्थितीची मोजदाद देणे हे नसते. जयघोषातील कोटी ही गणतीची संख्या नाही. योगवासिष्ठाचा हेतूही विश्वे मोजण्याचा नाही. आपले एकमेव वाटणारे जग किती हलके आहे हे दाखवून रामाच्या मनावरचा त्याचा भार उतरवण्याचा आहे. लिंडेच्या बुडबुड्यांनी तो भार उतरत नाही, आणि उतरावा अशी त्यांची प्रतिज्ञाही नाही.

ज्ञानेश्वरांची वाट या सर्वांहून वेगळी आहे. 'अमृतानुभवा'च्या सातव्या प्रकरणात ते अज्ञानाचे खंडन करतात. जग भासते त्याअर्थी ते भासवणारे अज्ञान असले पाहिजे, ही वेदान्तातील रूढ वाट त्यांना मान्य नाही. जे दिसते तो चैतन्याचाच विलास आहे, मग त्यासाठी अज्ञान नावाचा आणखी एक पदार्थ कशाला उभा करायचा, असा त्यांचा सूर आहे. एक अनावश्यक अदृश्य वस्तू काढून टाकण्याची ही धडाडी तर्कदृष्ट्या ईथर काढून टाकण्याच्या जातीची आहे, विषय मात्र अगदी निराळा आहे आणि दोहोंची सांगड याहून पुढे नेऊ नये. पुराणांतून भौतिकशास्त्र काढणाऱ्यांनी आणि बहुविश्वाच्या आधारे ईश्वर बाद करणाऱ्यांनी, दोघांनीही, आपल्या हाती असलेला पुरावा कोणत्या जातीचा आहे हे एकदा तपासावे: पहिल्यांचा अर्थवाद आहे, दुसऱ्यांची अर्थापत्ती आहे, आणि अर्थापत्तीचा निकाल अजून लागलेला नाही.

अदृश्य कारणाचा माग कसा घ्यायचा याचा एक नमुना पोफळीच्याच माथ्यावर आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसरात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यात सुमारे १८० माणसे गेली. जलाशय भरल्यानंतर या भागात भूकंपांचे सत्र सुरू झाले आणि धक्क्यांचा पाण्याच्या पातळीशी संबंध दिसतो, यावरून जलाशयाच्या पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत शिरणारे पाणी हे या धक्क्यांना चालना देत असावे, असे अनुमान केले गेले. कारण जमिनीच्या खाली खोल दडलेले होते. केवळ अनुमानावर न थांबता केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कऱ्हाडला त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी केली, आणि २०१७ मध्ये कोयना भागात गोठणे येथे बेसॉल्टचे थर भेदून खालच्या ग्रॅनाइटमध्ये उतरणारे, सुमारे तीन किलोमीटर खोलीचे पथदर्शी विंधनछिद्र पूर्ण झाले.